चेस येतं तर पोकर कसं शिकायचं, आणि पोकर येतं तर चेस कसं सुधारायचं

चेस बऱ्यापैकी येणारा माणूस पहिल्यांदा पोकरला बसला की दोनपैकी एक होतं. एक तर तो इतका जपून खेळतो की दर डावाला पत्ते टाकून देतो, कारण त्याला समोरच्याच्या हातात कायम एक्क्यांची जोड दिसत असते, नाहीतर "मी रेटिंगवाला, हे मला काय हरवणार" म्हणून शेवटचा चिंचोका संपेपर्यंत भांडत राहतो. पोकरवाला चेसला बसला की उलट, घोडा उघड्यावर ठेवतो आणि मनात म्हणतो, बघू याला दिसतोय का. दिसतो हो. समोरच्यासमोर तोच पट आहे, त्याला काय आंधळा समजलात?

हे दोन खेळ एकमेकांना पूरक आहेत असं सगळेच म्हणतात, एकाग्रता वाढते, संयम येतो, स्ट्रॅटेजी वगैरे. खरंय, पण त्यातून उद्या सकाळी उठून करायचं काय ते कळत नाही. माझ्या मते सगळी गंमत एका प्रश्नात आहे. मी करतोय त्या चालीला समोरच्याकडे एक चोख उत्तर असू शकतं, मग मी ती चाल करू की नको? चेसमध्ये असं एक उत्तर सापडलं की चाल रद्द, चर्चा संपली, कारण ते उत्तर पटावर आहे आणि त्यालाही दिसणार आहे. पोकरमध्ये असं एक उत्तर जवळजवळ कायमच असतं, त्याच्याकडे एक्क्यांची जोड असू शकते, असू शकते ना, पण तेवढ्यावरून पत्ते टाकत बसलात तर रात्रभर टाकतच बसाल. तिथे विचारायचं ते उत्तर त्याच्याकडे असण्याची शक्यता किती, आणि नसलं तर मला मिळणार किती.

चेसवाल्याला हे दुसरं शिकायला जड जातं, पोकरवाल्याला पहिलं. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

कॉम्प्युटरलासुद्धा हा फरक पडला बरं का. डीप ब्लू या कॉम्प्युटरने चेसचा जगज्जेता कास्पारोव्हला १९९७ मध्ये हरवलं, आणि नो लिमिट होल्डममध्ये, म्हणजे बोलीला मर्यादा नसलेल्या पोकरच्या प्रकारात, तेही समोरासमोर दोघेच खेळत असताना, तगड्या खेळाडूंना धडधडीत हरवायला २०१७ उजाडलं. त्या वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने चार प्रोफेशनल लोकांविरुद्ध १,२०,००० डाव खेळून त्यांना मागे टाकलं. लपलेले दोन पत्ते एवढे महाग पडतात.

आधी पैशाचं उरकून घेऊ

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, कायद्याने तो फरक ठेवलेलाच नाही. म्हणजे ॲपवर पैसे टाकून पोकर हा विषय मिटला. आणि घरी किंवा कुठे अड्ड्यावर पैसे लावू म्हणत असाल तर आपल्याकडे महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून आहे. त्यामुळे या लेखात पोकर म्हणजे चिंचोक्यांचं पोकर. प्रत्येकाला शंभर चिंचोके मोजून द्या, चिंचोके नसतील तर राजमा, छोले, घरात असेल ते.

लोकांची तक्रार असते की फुकटच्या चिंचोक्यांवर कोणी नीट खेळत नाही, सगळे दर डावाला ऑल-इन जातात, म्हणजे असतील तेवढे चिंचोके एकदम लावतात. त्यावर साधा उपाय आहे, हिशोब एका संध्याकाळी संपवू नका, वहीत लिहून महिनाभर पुढे न्या आणि महिन्याच्या शेवटी जो तळाला असेल त्याने पुढचा महिनाभर सगळ्यांना चहा करायचा. चहासाठी माणसं बरोबर खेळतात, हा अनुभव आहे.

ज्यांना पोकर म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. होल्डममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मग मधे सगळ्यांचे सामायिक पत्ते उघडतात, आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, मग एक रिव्हर, आणि सातातले सर्वांत चांगले पाच धरायचे. फ्लॉपच्या आधी आणि मग प्रत्येक टप्प्यानंतर बोली लागते. गणपतीच्या जागरणात तीनपत्ती खेळून मोठे झालेल्यांनी एक लक्षात ठेवा, तीनपत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. आणि तीन सारखे पत्ते, आपण ज्याला ट्रेल म्हणून उड्या मारतो, ते इथे सिक्वेन्सच्याही खाली. पहिल्या दिवशी यावरून भांडण होतंच.

चेसवाल्यांनी पोकर कसं शिकायचं

तुमच्याकडे एक सवय आधीच आहे, ती म्हणजे चाल करायच्या आधी दोन-तीन पर्यायी चाली मनात काढणं. तीच सवय समोरच्याच्या पत्त्यांवर लावायची. "त्याच्याकडे काय आहे" असा प्रश्न नाही विचारायचा, "त्याच्याकडे काय काय असू शकतं आणि प्रत्येकाचे प्रकार किती" असं विचारायचं. पोकरवाले याला रेंज म्हणतात. मोजायला सोपं आहे, कुठलीही एक जोड सहा प्रकारे येते, कारण चार एक्क्यांतून दोन निवडायचे सहा मार्ग. एक्का-राजा सोळा प्रकारे येतो, चार एक्के गुणिले चार राजे.

आता एक उदाहरण नीट करू, कारण हे एकदा हाताने केलं की डोक्यात बसतं. तुमच्याकडे राणीची जोड आहे. समोरचा जपून खेळणारा गडी आहे आणि त्याने सुरुवातीलाच मोठी रेज केलीय, म्हणजे बोली वाढवलीय. समजा तो असं फक्त एक्के, राजे, गुलाम, दश्शी यांच्या जोडीवर किंवा एक्का-राजावर करतो. चार जोड्या गुणिले सहा म्हणजे चोवीस, अधिक सोळा, एकूण चाळीस प्रकार. यात तुमच्या पुढे फक्त एक्क्यांची आणि राजांची जोड, म्हणजे बाराच. बाकी अठ्ठावीसमध्ये तुम्ही पुढे, एक्का-राजासमोर थोडेसेच पुढे पण पुढे. इथपर्यंत मजा.

मग फ्लॉप येतो, एक्का, सत्ती, दुर्री, तिघांचा रंग वेगवेगळा. चेसवाला इथे पत्ते टाकतो. एक्का आला, संपलं. थांबा ना, मोजा. एक एक्का टेबलावर गेला म्हणजे एक्क्यांच्या जोडीचे प्रकार सहाचे तीन झाले, एक्का-राजाचे सोळाचे बारा झाले. राजे सहा, गुलाम सहा, दश्शी सहा तसेच. एकूण तेहतीस. तुमच्या पुढे एकवीस, मागे बारा. बारा भागिले तेहतीस, साधारण ३६ टक्के.

समजा पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, शंभर चिंचोके आहेत आणि तो पन्नास लावतो. तुम्हाला पन्नास टाकायचे, सगळे मिळून होणार दोनशे, म्हणजे तुम्ही चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी होते. २५ टक्के लागतात, तुमच्याकडे ३६ आहेत, कॉल, म्हणजे तेवढे टाकून खेळात राहा. पुढच्या फेऱ्यांच्या बोली सध्या बाजूला ठेवू.

पण, आणि इथे चेसवाल्याचं डोकं खरं कामाला येतं, तो गुलाम आणि दश्शीवर इथे दरवेळी पन्नास लावेल का? टेबलावर एक्का आहे, त्यालाही भीती आहे. समजा त्या दोन जोड्यांवर तो अर्ध्याच वेळा लावतो. मग तुमच्या मागे असलेले बारा नाही, सहा धरायचे. सहा भागिले सत्तावीस, २२ टक्के. आता फोल्ड, म्हणजे पत्ते टाका. पत्ते तेच, पॉट तोच, फक्त माणूस कसा आहे याचा अंदाज बदलला आणि निर्णय उलटला. बुद्धिबळात याला समांतर काही नाही, तिथे माणूस कसाही असो वजीर फुकट गेला की गेला.

टेबलावर एवढं मोजायला वेळ मिळत नाही हे मान्य. म्हणून घरी करायचं. आठवड्यातून दोन-तीन डाव वहीत घेऊन शांतपणे प्रकार मोजा, काही दिवसांनी टेबलावर अंदाज आपोआप जवळपास यायला लागतो, जसा चेसमध्ये पॅटर्न दिसायला लागतो तसाच.

दुसरं गणित आणखी सोपं. अजून पूर्ण न झालेला कलर. तुमच्या हातात बदामचे दोन, फ्लॉपवर बदामचे दोन, तर उरलेले बदाम नऊ. फ्लॉपवर नवाला चारने गुणा, ३६, म्हणजे रिव्हरपर्यंत कलर व्हायची साधारण टक्केवारी, खरी ३५ आहे. एकच पत्ता यायचा असेल तर दोनने गुणा, १८, खरी साडेएकोणीसच्या आसपास. सिक्वेन्सला दोन्ही टोकं उघडी असतील तर आठ पत्ते, मधलाच एक अडलेला असेल तर चारच. हे लोकलमध्ये उभं राहून करण्यासारखं आहे, विरार फास्टमध्ये हात हलवायला जागा नसते पण डोकं रिकामंच असतं.

यात चेसवाले एक घोळ घालतात, ते ३६ टक्के बघतात आणि विसरतात की ते दोन पत्त्यांचे आहेत. समोरच्याने अर्धा पॉट लावलाय, तुम्हाला २५ टक्के हवेत, आणि तो ऑल-इन असेल तर दोन्ही पत्ते तेवढ्याच किमतीत बघायला मिळणार, कॉल करा. तो ऑल-इन नसेल तर टर्नला परत बोली लागणार, म्हणजे या पन्नासात एकच पत्ता, १९ टक्के, आणि मग कलर झाल्यावर तो आणखी किती देईल यावर सगळं अवलंबून. कंजूष असेल तर सोडा.

आणि आता ती गोष्ट जी चेसवाल्यांना सगळ्यात जास्त टोचते. बरोबर खेळून हरणं. एक्क्यांची जोड राजांच्या जोडीसमोर ८२ टक्क्यांच्या आसपास जिंकते, म्हणजे साडेपाच वेळात एकदा हरते. ते काही अन्याय वगैरे नाही, ठरलेलंच आहे. जुलैत मुंबईत छत्री न घेता बाहेर पडलात आणि पाऊस आला नाही तर तुम्ही हुशार ठरत नाही ना, आणि छत्री घेऊन गेलात आणि कोरडे परत आलात तर मूर्खही नाही. डाव संपल्यावर जिंकलो का हरलो हे लिहायच्या आधी ठरवलं ते तेव्हा बरोबर होतं का, ते लिहा. उलट क्रमाने लिहिलंत तर निकाल तुमच्या हाताला धरून लिहून घेईल.

खरं म्हणजे हा चटका चेसमध्येही आहे, आपण तिकडे दुर्लक्ष करतो एवढंच. एलोच्या, म्हणजे चेसच्या रेटिंगच्या, गणिताने २०० रेटिंगने वरचढ असलेल्याला शंभर डावांत साधारण ७६ गुण अपेक्षित असतात, बरोबऱ्या धरून. म्हणजे एक्के विरुद्ध राजे याच्या जवळपासच. खालच्या रेटिंगच्या पोराकडून एक डाव गेला म्हणून पालक टूर्नामेंट हॉलच्या बाहेर मुलाला जे काही बोलतात ना, त्या पालकांना एक महिना चिंचोक्यांचं पोकर सक्तीचं केलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

चेहरे वाचायचं काय, असं सगळे विचारतात. सिनेमात बघून. सोडा ते. सुरुवातीच्या वर्षात चेहऱ्यापेक्षा दोन गोष्टी बघा, किती लावले आणि किती वेळ घेतला. नेहमी विचार करून लावणारा एकदम पटकन लावतो तेव्हा त्याने आधीच ठरवलेलं असतं, ते काय ते वहीत टिपा. चेसमध्ये हे तुम्ही करताच, समोरचा बारा चाली धाडधाड खेळला आणि तेराव्या चालीला वीस मिनिटं बसला की पाठांतर संपलं हे कळतंच की तुम्हाला.

ब्लफबद्दल फक्त आकडा सांगतो. शंभरच्या पॉटमध्ये पन्नासचा ब्लफ लावला तर तो तीनात एकदा चालला तरी तोटा नाही, शंभरचा लावला तर दोनात एकदा चालायला हवा. चेसवाल्यांना ब्लफ म्हणजे खोटेपणा वाटतो आणि ते एक तर लावतच नाहीत किंवा लावला की कान लाल होतात. आधी छोटे लावा, आणि अशा माणसावर लावा जो पत्ते टाकू शकतो. जो कधीच टाकत नाही त्याच्यावर ब्लफ म्हणजे चिंचोके दान.

पोकरवाल्यांनी चेस कसं सुधारायचं

इथे पहिली शिस्त कडक आहे. चाल करायच्या आधी समोरच्याचे सगळे शह, सगळी मारामारी आणि सगळ्या धमक्या, याच क्रमाने बघायच्या, प्रत्येक चालीला, कंटाळा आला तरी. एक चोख उत्तर सापडलं की चाल फेकून द्या. "त्याला दिसणार नाही", "तो असं खेळत नाही" हे शब्द मनात आले की समजा तुम्ही पत्त्यांच्या टेबलावर आहात. पोकरवाले टक्केवारी लावण्यात इतके तयार असतात की जिथे टक्केवारीची गरजच नाही तिथेही लावतात. पट उघडा आहे, मोजता येतंय, मोजा की.

सरावाला लिचेस या साइटवरची चेसची कोडी घ्या, फुकट आहेत. पण एक अट, शेवटपर्यंतचं उत्तर डोक्यात तयार झाल्याशिवाय बोट स्क्रीनला लावायचं नाही. पहिली चाल दिसली की दाबून बघणारे लोक वर्षानुवर्षं कोडी सोडवतात आणि तिथेच राहतात, कारण ते कोडं सोडवतच नाहीत, बोली लावतात. दिवसाला पाच कोडी या पद्धतीने पुरेत.

मग तुमच्या पोकरचा चेसमध्ये उपयोग काय? आहे, भरपूर आहे, पण तो दुसऱ्या जागी आहे. तीन जागा सांगतो.

पहिली, हरत आलेला डाव. तुम्ही एक हत्ती कमी आहात, प्रत्येक चालीला चोख उत्तर आहे, मग "एक उत्तर सापडलं की चाल रद्द" हा नियम वापरला तर सगळ्याच चाली रद्द होतात. इथे नियम बदलायचा आणि पोकरचं डोकं चालू करायचं. जिथे समोरच्याला जिंकायला एकच चाल आहे आणि ती दिसायला अवघड आहे, ती चाल निवडा, जिथे त्याला पाच चाली जिंकून देतात ती सोडा, भले इंजिनच्या, म्हणजे चेस खेळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, मते पहिली थोडी वाईट असेल. अदलाबदली टाळा, पट गुंतागुंतीचा ठेवा. मिखाईल ताल हे तर बरोबरीच्या, चांगल्या डावातही करायचा, १९६० मध्ये बॉटविनिकला हरवून २३ व्या वर्षी जगज्जेता झालेला माणूस, त्याने मुद्दाम दिलेले मोहऱ्यांचे कितीतरी बळी नंतर घरी बसून तपासले की चूक निघायचे, पण समोरच्याला घड्याळ चालू असताना ते सापडायचं नाही. तुम्ही आम्ही ताल नाही, त्यामुळे चांगल्या डावात हे करू नका, वाईटात करा.

दुसरी, बरोबरीचा डाव. २०२४ च्या जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव आठवा, सिंगापूर, गुकेश काळ्या मोहऱ्यांनी, एक प्यादं जास्त पण डाव बरोबरीचाच, बघणारे सगळे टायब्रेकची गणितं करत होते. गुकेशला बरोबरी घेता आली असती, तो घेईना, त्याला हरण्याचा धोका जवळजवळ नव्हता आणि डिंग लिरेन प्रत्येक चालीला काहीतरी बरोबर शोधायला लागत होता. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात ठेवला आणि संपलं, अठरा वर्षांचा जगज्जेता. पोकरवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, कमी किमतीत पुढचा पत्ता बघायला मिळतोय तर तो बघतोच. चेसवाली मंडळी मात्र दमली की हात पुढे करतात, बरोबरी, चला वडा खायला.

तिसरी, घड्याळ. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. पोकरवाल्याला प्रत्येक क्षणी माहीत असतं की आपल्याकडे किती चिंचोके उरलेत, समोरच्याकडे किती, आणि त्यावरून तो निर्णय बदलतो. चेसमध्ये तेच करायचं, मिनिटं म्हणजे तुमचा स्टॅक. दहाव्या चालीला दोन सारख्याच चालींत ठरवायला पंधरा मिनिटं घातलीत तर काय घेतलंत बदल्यात? काहीच नाही. दोन चाली खरंच सारख्या वाटत असतील तर कुठलीही एक खेळा आणि वेळ वाचवा, तो पस्तिसाव्या चालीला लागणार आहे. आणि समोरच्याची मिनिटं कमी असतील तर त्याला निर्णय घ्यायला लावा, सरळ एकच चाल असलेली परिस्थिती देऊ नका, दोन-तीन बऱ्या वाटणाऱ्या चालींतून निवडायला लावा. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, त्या फायनलमध्ये कोनेरू हंपीसमोरचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत गेले, निकाल लागला तो रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, आणि शेवटच्या डावात हंपी वेळेच्या टंचाईत चुकली. हंपीसारखी खेळाडू. मग आपलं काय होत असेल पाच मिनिटांत.

अजून एक बारीकशी. पोकरमध्ये सगळ्यात शेवटी बोलणारा फायद्यात असतो कारण बाकीच्यांनी काय केलं ते बघून तो ठरवतो. चेसमध्ये प्याद्यांची मारामारी समोर आली की लगेच मारून मोकळे होऊ नका, तणाव ठेवता येत असेल तर ठेवा आणि त्याला आधी ठरवू द्या.

वही

दोन्हीकडे एकच वही ठेवा, डावीकडे चेस, उजवीकडे पोकर. क्लासिकल चेसमध्ये चाली लिहाव्याच लागतात, पोकरमध्ये कोणी लिहीत नाही आणि म्हणून पोकरवाल्यांना फक्त आपले दुर्दैवी डाव आठवतात. एका डावासाठी एवढं पुरे: कुठे बसलो होतो, कोणाकडे किती चिंचोके, माझे पत्ते, कोणी केव्हा किती लावले, आणि निर्णयाच्या क्षणी त्याच्याकडे काय काय असेल असं मला वाटलं. शेवटचं वाक्य पत्ते उघडायच्या आधी लिहायचं, नंतर लिहिलेलं काही कामाचं नाही.

आमच्याकडे गच्चीवर जमतो तेव्हा एक प्रकार करतो तो तुम्हीही करून बघा. संध्याकाळी एखादा मोठा डाव अडला की जे बाहेर पडलेत त्या सगळ्यांनी रिव्हरच्या आधी कागदावर लिहायचं, अमक्याकडे काय असेल, तीन शक्यता आणि प्रत्येकीपुढे टक्के, बेरीज शंभर. मग पत्ते उघडायचे, आणि हो, एरवी पत्ते टाकणाऱ्याला दाखवायची सक्ती नसते पण या सरावात सगळ्यांनी दाखवायचे. जो ९० टक्के लिहून सारखा चुकतो तो सहसा गटातला सगळ्यात पक्का चेसवालाच निघतो, "हेच आहे" म्हणायची सवय जात नाही लवकर.

चेसच्या बाजूला त्याचा जोडीदार सराव असा, पंधरा मिनिटांच्या डावात तुमची चाल झाली की समोरच्याची अपेक्षित चाल मनात म्हणा, आणि डाव झाल्यावर चाली पुन्हा बघताना किती वेळा ती आली त्याच्यावर खुणा करा. जिथे तो अनपेक्षित खेळला तिथे दोन रंगांनी लिहा, त्याची चाल वाईट होती म्हणून दिसली नाही की चांगली होती म्हणून. दुसरा रंग जास्त असेल तर शह-मारामारी-धमकीच्या यादीकडे परत जा. इंजिन लावायचं ते यानंतर, आधी नाही, आधी लावलं की आपण काय विचार केला होता तेच आठवत नाही.

टिल्टसाठी, म्हणजे हरल्याच्या चिडीत वाहवत जाण्यासाठी, वेगळा मंत्र वगैरे नाही, नियम आहे. रात्री ब्लिट्झमध्ये, म्हणजे चेसच्या झटपट डावांत, लागोपाठ तीन डाव गेले की फोन ठेवायचा. पोकरमध्ये एक मोठा पॉट वाईट पत्त्याने गेला की पुढचे दोन डाव बघत बसायचं, पाणी प्यायचं. हे चिडलेलं असताना ठरवता येत नाही, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून सही करून ठेवा, गटात असाल तर दुसऱ्याला दाखवून ठेवा म्हणजे तो आठवण करतो. ब्लिट्झमध्ये मात्र कोणी आठवण करायला नसतं आणि डोंबिवली ते सीएसएमटी एवढ्या वेळात माणूस शंभर रेटिंग आरामात घालवतो.

वेळेची विभागणी विचाराल तर जो खेळ कच्चा आहे त्याला सुरुवातीला जास्त द्या असं सगळे म्हणतात, मी म्हणेन उलट. पक्क्या खेळाचा सराव चालू ठेवा आणि कच्च्यातून महिन्याला फक्त एकच सवय उचला. चेसवाल्याने या महिन्यात फक्त टक्के लिहायचे, पोकरवाल्याने फक्त शह-मारामारी-धमकी बघायची. सगळं एकदम घेतलं की माणूस आठ दिवसांत दोन्ही सोडतो आणि कॅरमला बसतो.

जे नाव काढतात की अमका चेसवाला पोकरमध्ये गेला आणि करोडपती झाला, त्यांना एवढंच, आहेत अशी माणसं. डॅन हॅरिंग्टन चेस मास्टर होता आणि १९९५ ची पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकला, यलोन श्वार्ट्झ २००८ ला त्याच स्पर्धेत चौथा आला, जेनिफर शहाडे चेसमध्ये दोनदा अमेरिकेची महिला विजेती आणि पोकरही खेळते, रशियन ग्रँडमास्टर ग्रिशुकही खेळतो. पण ही यादी बोटावर मोजण्याइतकी असते आणि चेसमधून जाऊन हरलेल्यांची यादी कोणी करत नाही. रेंज पूर्ण धरायची तर त्यांनाही धरा ना.

मुलांचं एक विचारतात, घरात चेस शिकणारी दहा-बारा वर्षांची पोरं आहेत, त्यांना पोकर शिकवायचं का? मी नाही शिकवणार. बोली लावायची चटक लागते आणि तेवढ्यासाठी गरजही नाही, आपल्याकडे मेंढीकोट आहे. चार जण, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पत्ते, तीन दश्श्या पकडल्या की डाव आपला. पत्ते लपलेले, जोडीदार काय खेळला त्यावरून अंदाज, कुठला रंग कोणाकडे संपला ते लक्षात ठेवायचं, सगळं आहे त्यात, चेसमध्ये न मिळणारं. फक्त मधेच डाव थांबवून विचारा, किलवरची दश्शी कोणाकडे वाटते आणि कशावरून, मग पुढे खेळा. एक आजी घ्या जोडीला, त्यांना सहसा माहीत असतं कोणाकडे आहे ते.